मधल्या नावाची हाक

भालेराव बाई गॅलरीत उभ्या राहून माणसांना हाका मारत नसत, नावांना मारत. नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्यांदा ऐकून दचकायचाच. सकाळी दहा-साडेदहाची वेळ, खाली भाजीची गाडी, समोर कपडे वाळत घालणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या मजल्यावरून खणखणीत आवाज यायचा, "रुद्रांश पुंडलिक खैरनार!" एवढ्या मोठ्या नावाचा माणूस कोण म्हणून बघावं, तर तो जेमतेम आठ दिवसांचा असायचा आणि आईच्या मांडीवर झोपलेला असायचा. माठ घेताना तो आधी वाजवून बघतात, तसं बाई नाव वाजवून बघत.

नाशिकच्या सिडकोत आमची कॉलनी म्हणजे समोरासमोर दोन इमारती आणि मध्ये रिक्षा वळेल एवढा रस्ता. बाईंची गॅलरी आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर. महापालिकेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. उंच, काटक अंग, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पदराला सेफ्टी पिनेने अडकवलेला चष्मा. लग्न केलेलं नाही. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, दोन कपाटं पुस्तकं, आणि दारावर पितळी पाटी: 'कु. कौसल्या रं. भालेराव'. त्या 'रं.'कडे मी लहानपणापासून बघत आले, पण तो कोणाचा, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. मधलं नाव बापाचं असतं, त्यात विचारायचं काय?

कॉलनीत मूल झालं की बारशाआधी लोक नाव घेऊन बाईंकडे जायचे. बाई ते तीनदा हाकारून बघायच्या. एकदा रागाने, एकदा हजेरीच्या सुरात आणि एकदा बक्षीस समारंभात पुकारतात तसं. "पहिलं नाव तुम्ही हौसेने शोधता," त्या म्हणायच्या, "मधलं आपोआप येऊन बसतं. दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे कोणी बघत नाही. आणि भोगतं पोर." रुद्रांश पुंडलिक ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "पुढे तलवार आणि मागे टाळ! बापाचं तर बदलता येत नाही, मग पोराचं बदला." खैरनारांनी खरंच बदललं. आता तो रोहन आहे आणि मजेत आहे.

वर्गातही त्यांचा हाच खाक्या होता म्हणे. नाव विचारल्यावर कोणी नुसतं 'सुनील' म्हणालं की बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. "अर्ध्या नावाला मी ओ देत नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी लहानपणी अंगावर झेललेलं होतं. मी पण.

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात मी सासर सोडून माहेरी आले, तेव्हा सगळ्या कॉलनीला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. कोणाला हकीकत हवी होती, कोणाला रडणं. माझ्या नवऱ्याने, प्रवीणने, पुण्यात दुसरा संसार थाटला होता आणि माझ्या हातात फक्त वकिलाची नोटीस होती. मला कोणाशी बोलायचं नव्हतं. बाईंनी मात्र मला त्यांच्या जिन्याशी गाठून एकच प्रश्न विचारला, "लोह घेतेस का?" मी हो म्हणाले. "बरं," म्हणून त्या पायऱ्या चढून गेल्या. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, हे खरं सांगते. निदान थोडी कीव तरी करावी, असं वाटलं होतं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आणि धाकटा भाऊ सागर, सातपूरला कंपनीत. कळा सुरू झाल्या तेव्हा सागरच मला घेऊन नर्सिंग होममध्ये गेला. मी आत ओरडत होते आणि तो बाहेर काउंटरवर फॉर्म भरून देत होता. तिथल्या मुलीने विचारलं, आईचं पूर्ण नाव? सागरने आधार कार्डावरचं सांगितलं, मनीषा दत्तात्रय बोराडे. लग्नानंतर मी आधार बदललंच नव्हतं, आळसाने. आणि त्या मुलीने पुढचं काही न विचारता वडिलांच्या रकान्यात लिहून टाकलं, दत्तात्रय बोराडे. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे बाळंतीण बाईच्या नावामागे जो पुरुष असतो तो तिचा नवराच असणार. सागरने सही ठोकली आणि चहा प्यायला गेला.

पंधरा दिवसांनी जन्माचा दाखला हातात आला तेव्हा बाळाच्या नावाची जागा कोरी होती. खाली आई, मनीषा दत्तात्रय बोराडे. त्याखाली वडील, दत्तात्रय बोराडे. मी दोनदा वाचला. महापालिकेच्या शिक्क्यानिशी माझे वडील माझ्या मुलाचे बाप झाले होते.

अण्णांनी दाखला बघितला आणि चपला काढून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाळाला घेणं सोडलं. संध्याकाळी कट्ट्यावर जाणं सोडलं. ताटातली भाकरी अर्धी राहायला लागली. सागर म्हणाला, "अगं, कारकुनी चूक आहे, होईल दुरुस्त," तर अण्णा त्याच्यावर असे धावून गेले की बाळ दचकून रडायला लागलं. मला वेगळीच भीती होती. कोर्टात तारखा सुरू होत्या. हा कागद प्रवीणच्या वकिलाच्या हाती पडला तर तो भरल्या कोर्टात काय काय बोलेल, याचाच मी विचार करत बसायचे. बाळाला अजून नाव नव्हतं आणि त्याच्या पहिल्याच कागदाने आम्हा सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं होतं.

मी दाखला घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी पदरावरचा चष्मा सोडवून डोळ्यांवर चढवला आणि वाचला. हसतील अशी मला धास्ती होती, पण त्या हसल्या नाहीत. "उद्या अकरा वाजता तयार राहा," एवढंच म्हणाल्या. "बाळाला सागरकडे ठेव. रांगेत पोरं रडतात आणि मग माणूस घाईने सही करतो."

विभागीय कार्यालयातल्या खिडकीमागचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सांगितलं, वडिलांचा रकाना दुरुस्त करायला लग्नाचा दाखला लागेल. मी म्हणाले, "तो कोराच ठेवा ना. मला त्या माणसाचं नाव कुठंच नको." ते काही बोलायच्या आत बाईच माझ्यावर खेकसल्या, "मुळीच नाही! तो रकाना खरं सांगायला असतो. ज्याचं पोर त्याचंच नाव तिथं लागेल, तो कसा का असेना. खोट्याने एकदा काय झालं ते बघितलंस ना?" मग खिडकीकडे वळून एकदम मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "आणि साहेब, बाळाच्या नावाचा रकाना?"

"मॅडम, तिथं बाळाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सगळे तसंच लिहितात."

"सगळे काय लिहितात ते मला माहीत आहे. मी तीस वर्षं तेच लिहीत आले. नियम काय आहे?"

गृहस्थ आत जाऊन साहेबांना विचारून आले. घाम पुसत म्हणाले, "आई लिहून देईल ते नाव लागेल. पण लग्नाचा दाखला लागेलच."

परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, "वडिलांचा रकाना खरं सांगायला आणि नावाचा रकाना हाक मारायला. दोन्हींची गल्लत करू नकोस. आता हाकेचं नाव तुला ठरवायचं आहे." आता तर सगळ्याच मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम आला आहे. तेव्हा नव्हता.

लग्नाचा दाखला कळवणला सासूबाईंच्या कपाटात होता. फोन केला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "देते ना. पण पोराच्या नावात आमच्या प्रवीणचं नाव लागलं पाहिजे. तेवढं कबूल कर, मी घेऊन येते. नायतर तुझं तू बघ." मी फोन ठेवला. पहिलं नाव ठरलेलं होतं, ईशान. मधलं प्रवीण घातलं तर आठ दिवसांत दाखला दुरुस्त होणार होता, अण्णा जेवायला लागणार होते आणि वकिलाची भीती संपणार होती. नाही घातलं तर काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सागर म्हणाला, "ताई, नावच आहे गं. लावून टाक आणि मोकळी हो."

त्या संध्याकाळी बाईंनी मला त्यांच्या गॅलरीत बोलावलं. "हाक मार," म्हणाल्या. "पोर रस्त्यावर खेळतंय आणि समोरून टेम्पो येतोय असं समज. मार."

मी कठड्याला धरून उभी राहिले. "ईशान प्रवीण…" आणि मला रडू फुटलं. त्या माणसाने बाळ झाल्यावर साधा फोन केला नव्हता. बाई म्हणाल्या, "टेम्पो गेला. दुसरं मार."

"दुसरं कुठलं?"

"तुझं स्वतःचं."

मी इकडेतिकडे बघितलं. समोरच्या जोशी काकू गॅलरीत पापड वाळवत होत्या. मी हळूच म्हणाले, "ईशान मनीषा."

"मला इथं ऐकू आलं नाही, पोराला काय येणार? बापाच्या नावाला रडू येतं आणि आपल्या नावाची लाज वाटते. मग पोराने काय करायचं, मुकं राहायचं?"

मला राग आला. म्हणाले, "तुम्हाला बोलायला काय जातंय, बाई! तुमच्या नावात तुमचे वडील आहेतच की." बाई चष्मा पदराला अडकवत म्हणाल्या, "रंगनाथ माझा मामा होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या कॉलनीत कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच कुठे तरी निघून गेले. आई निफाडला भावाच्या दाराशी येऊन राहिली, लोकांच्या मळ्यात खुरपायला जायची. कौसल्याला शाळेत घालायला आई स्वतः घेऊन गेली होती. मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. आई म्हणाली, "मीच हाय तिचा बाप, माझंच लिवा." मास्तर हसले, वर्ग हसला आणि त्यांनी मामाचं नाव लिहिलं. "मामा चांगला माणूस होता," बाई म्हणाल्या, "लय चांगला. पण थंडीत पहाटे चार मैल मला पाठीवर घेऊन परीक्षेला नेलं ते आईने. ती गेली तेव्हा तिची नोंदसुद्धा कोणी केली नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, हजारो पोरांची नावं ह्या हाताने रजिस्टरात चढवली. माझ्या आईचं नाव जगातल्या एकाही कागदावर नाही. आणि त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा, मनीषा, मी पण हसले होते."

त्यांनी आईचं नाव काय, ते मला त्या दिवशी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की कधी एकदा घरी जाते असं झालं होतं.

बारसं सव्वा महिन्याने ठेवलं. आदल्या दिवशी सासूबाईंचा निरोप आला, "येतेय." त्या आल्या त्या सकाळीच, कळवणच्या पहिल्या एसटीने. हातात बाळाचं झबलं, एक पितळी वाटी आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला. ती पिशवी त्यांनी पाणी पितानाही खाली ठेवली नाही. अण्णा आतल्या खोलीत बसून होते, बाहेर यायला तयार नव्हते. कॉलनीतल्या दहा-बारा बायका पाळण्याभोवती जमल्या. पाळणा म्हणून झाला आणि आता नाव ठेवायचं, तर बाळाची आत्या आलेली नव्हती. नाव आत्याने ठेवायचं असतं.

सासूबाई पुढे झाल्या. "आत्या नाय आली तर काय झालं? आजी हाय ना. मी ठेवते," म्हणत त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. मी दुसऱ्या बाजूने पाळणा धरला. "आई, मधलं नाव माझं लावायचं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

सासूबाईंनी दोरी सोडली नाही. "असं कुठं असतंय व्हय? बाप काय मेलाय का त्याचा? धडधाकट हाय. लोक काय म्हणतील, कोणाचं पोर हे?" आणि काखेतली पिशवी घट्ट दाबत म्हणाल्या, "मग हे मी परत घेऊन जाते. ठेव तुझ्या बापाचंच नाव कागदावर, लय शोभून दिसतंय." त्यांना कळलं होतं. कोणी सांगितलं देव जाणे. आतल्या खोलीत अण्णांच्या पलंगाची कुरकुर ऐकू आली. मला वाटलं आता सगळं संपलं, आता हो म्हणून टाकावं. मी तोंड उघडलंही होतं.

"थांबा," भालेराव बाई म्हणाल्या. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. उठून सासूबाईंपाशी आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "ताई, तुम्ही आजी आहात, पहिला मान तुमचाच. पण आमच्या कॉलनीत नाव आधी हाकारून बघतात. तुम्हाला हवं ते नाव घ्या आणि गॅलरीतून एक हाक मारा. पूर्ण नावाने. जमलं तर आम्ही कोणी काही बोलणार नाही."

मी घाबरले. बाईंनी हे काय केलं? सासूबाईंचा आवाज शेतात काम केलेल्या बाईचा, बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावात जाईल असा. त्या ताडताड गॅलरीत गेल्या. पिशवी काखेतच. श्वास भरून घेतला आणि ओरडल्या, "ईशान…" रस्त्यावरचे दोघं-तिघं वर बघायला लागले. "ईशान प्रवीण…"

पुढचं आलंच नाही. त्यांनी पुन्हा एकदा तोंड उघडलं. ओठ नुसते हलले. मग कठड्यावर दोन्ही हात टेकून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी मागे उभी होते, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, ती हलत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "सात महिने झाले. माझा बी फोन उचलत नाय तो. दिवाळीला दाराकडं बघत बसले होते."

सासूबाईंचा मला दोन वर्षं राग होता. तो तिथल्या तिथे गेला असं मी म्हणणार नाही, पण मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बाई मागून म्हणाल्या, "मनीषा, आता तू." मी कठडा धरला. खाली बघणारे लोक अजून हलले नव्हते. शेजारच्या गॅलरीतून जोशी काकू पापड सोडून बघत होत्या. मी पहिल्यांदा हाक मारली ती चिरकली. दुसऱ्यांदा बरी गेली. तिसऱ्यांदा मी पोटातून ओरडले, "ईशान मनीषा!" आणि आडनाव काय घ्यावं ते न सुचून थांबले. अजून ते ठरलंच नव्हतं.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. माझ्याकडे न बघता विचारलं, "आडनाव तरी आमचं ठेवशील ना?"

मला बाईंकडे बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. हे माझं मलाच ठरवायचं होतं. मी म्हणाले, "ठेवते." सासूबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. मग आत येऊन पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानात त्यांनीच नाव सांगितलं, ईशान मनीषा आहेर. बायकांनी पाठीवर धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. घुगऱ्यांची वाटी घेऊन मी आत गेले तेव्हा अण्णा पलंगावर बसून रडत होते. म्हणाले, "आण त्याला इकडं." दाखला दुरुस्त होऊन यायला पुढे तीन आठवडे लागले. पण अण्णांची भाकरी त्याच दिवशी पूर्ण संपली.

त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला बाईंची हजेरी सुरू झाली. ईशानला धड बसता येत नव्हतं तेव्हापासून. समोरून हाक यायची, "ईशान मनीषा आहेर!" आणि मी त्याचा हात वर करून म्हणायचे, "हजर!" पुढे तो स्वतः म्हणायला लागला. 'ज' म्हणता येत नव्हता तेव्हा 'हदल' म्हणायचा. ह्या हजेरीला बाईंचे नियम होते. ओ देताना उभं राहायचं. तोंडात घास नको. आणि कोणी ओ दिली नाही तर लगेच गैरहजर म्हणायचं नाही. "दुसऱ्यांदा हाक मारायची. पोर दारात असू शकतं. माझ्या वर्गात मी दुसऱ्या हाकेशिवाय कोणाचीही गैरहजेरी मांडली नाही."

ईशान साडेतीनचा झाला तेव्हा एकदा ओरडून म्हणाला, "आता मी घेणार! बाई, तुमचं पूर्ण नाव?" बाई हसून म्हणाल्या, "कौसल्या रंगनाथ भालेराव." त्याने जरा विचार केला. त्याच्या हिशेबी नावाच्या मधोमध आईच असते. त्याने विचारलं, "रंगनाथ तुमची आई?"

मी त्याला गप्प करायला धावले. बाईंनी हाताने मला थांबवलं. दोन्ही गॅलऱ्यांमध्ये एक रिक्षा आली, वळली, गेली. मग बाई म्हणाल्या, "नाही रे. माझी आई ठकूबाई."

"मग चूक सांगितलं तुम्ही," ईशान म्हणाला आणि बाईंच्याच सुरात त्याने हाक मारली, "कौसल्या ठकूबाई भालेराव!"

बाई उभ्या राहिल्या. दोन्ही हात सरळ खाली, शाळेतल्या मुलीसारख्या. "हजर," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मात्र त्या त्याच नावाची वाट बघत उभ्या होत्या.

गेल्या माघात बाई गेल्या. सकाळी दाराशी दुधाची पिशवी तशीच दिसली म्हणून सागरने हाका मारल्या, शेवटी कडी तोडली. खुर्चीतच होत्या, चष्मा पदराला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. निफाडहून त्यांच्या मामाचा नातू संदीप आला. अमरधामच्या स्मशानात बायका सहसा जात नाहीत, मी गेले. तिथल्या कार्यालयात संदीप फॉर्म भरत होता. नाव त्याने आधार बघून लिहिलं, ते बरोबरच होतं. मग पेन थांबलं. "मॅडम, आईचं नाव विचारलंय. आजीच्या आईचं नाव आमच्यात कोणालाच माहीत नाही. कोरं सोडू?"

"कोरं सोडायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की टेबलामागच्या माणसाने मान वर केली. "तो रकाना खरं सांगायला असतो. लिही, ठकूबाई." त्याने लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाकून अक्षर नीट आलं का ते बघितलं.

घरी आले, अंघोळ केली. ईशानला बाई गेल्या एवढंच सांगितलं होतं. त्याला किती कळलं कोण जाणे. सहा वाजले आणि तो नेहमीसारखा गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरचं दार बंद, गॅलरी रिकामी. मी त्याला आत ओढायला गेले, तोवर त्याने हाक मारलीही होती. "कौसल्या ठकूबाई भालेराव!"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांतले लोक बघायला लागले. त्यातल्या बहुतेकांनी रोज कानावर पडूनही बाईंचं हे मधलं नाव कधी नीट ऐकलं नव्हतं. समोरून ओ आली नाही. ईशानने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दुसऱ्यांदा मारायची असते."

मी कठडा धरला आणि आम्ही दोघांनी मिळून हाक मारली. मधल्या नावाला माझा आवाज सगळ्यात मोठा होता.